बॅलास्ट टाकीच्या तळाचा गाळ: डी-२ पाळूनही उरणारा प्रश्न

तळटाकी (धागाकर्ता)

८ सप्टेंबर २०२४ पासून बॅलास्ट करार (जहाज समतोल राहावं म्हणून टाक्यांत घेतलेल्या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या सगळ्या जहाजांना डी-२, म्हणजे सोडलेल्या पाण्यात किती जीव चालतील याचं मानक, पाळावं लागतं. खोल समुद्रात पाणी बदललं, वहीत नोंद केली आणि सुटलो, हा डी-१चा काळ संपला. साहजिकच सगळी चर्चा ट्रीटमेंट सिस्टिमभोवती (पाणी गाळून त्यातले जीव यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्यांनी किंवा क्लोरीनने मारणारी यंत्रणा) फिरते: फिल्टर तुंबतो, दिवे जातात, टीआरओ (पाण्यात उरलेलं ऑक्सिडंट) मोजणारा सेन्सर भलतंच दाखवतो. तळाला बसलेल्या गाळाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

आधी नियम. डी-२ प्रमाणे बाहेर सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे, जगू शकणारे जीव दर घनमीटरला १० पेक्षा कमी हवेत. १० ते ५० मायक्रॉनमधले दर मिलिलिटरला १० पेक्षा कमी. शिवाय १०० मिलिलिटरमागे कॉलराच्या जिवाणूंची (ओ१ व ओ१३९) १ पेक्षा कमी वसाहत, ई. कोलाय २५० पेक्षा कमी, एंटेरोकोकाय १०० पेक्षा कमी. हे सगळं सोडलेल्या पाण्याचं. गाळासाठी असा एकही आकडा नाही. बी-५ नियम एवढंच म्हणतो की बॅलास्टच्या जागांतला गाळ काढा आणि जहाजाच्या बॅलास्ट आराखड्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा. किती साचला की काढायचा, हे आराखडा लिहिणाऱ्यावर. बरेच आराखडे तिथे एक गुळगुळीत परिच्छेद टाकून मोकळे होतात.

गाळ येतो तरी किती? नदीमुखावरच्या बंदरात लिटरमागे २०० मिलिग्रॅम गाळ ही काही नवलाची गोष्ट नाही. तिथे १०,००० घनमीटर बॅलास्ट घेतलं तर कोरडी धरून २ टन माती टाक्यांत आली. निम्मी पंपाबरोबर परत गेली असं धरलं तरी अशा दहा खेपांत १० टन कोरडी माती उरते. निम्मं वजन पाण्याचं धरलं तर ओला गाळ २० टन. आणि बसायला तिला वेळ लागत नाही. १० मायक्रॉनचा कण स्थिर समुद्राच्या पाण्यात दिवसाला साधारण ७ मीटर खाली जातो, २० मायक्रॉनचा त्याच्या चौपट. डबल बॉटम टाकीची (जहाजाच्या दुहेरी तळामधली टाकी) उंची दोन मीटर असेल तर २० मायक्रॉनचा कण दोन तासांच्या आत तळाला. फिल्टरची ४० मायक्रॉनची जाळी यातलं काय अडवणार?

माझं मत आधीच सांगतो: गाळ आत येताना जेवढा टाळता येतो, तेवढा नंतर कधीच काढता येत नाही. घेताना, मोजताना, काढताना नेमकं काय करावं ते जाणकारांनी लिहावं.

सूक्ष्मजीवी

चांगला विषय. जीवशास्त्राची बाजू मी मांडतो.

झेब्रा शिंपला (१९८८ साली उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला) आणि काळ्या समुद्रातली मासेमारी १९८०च्या दशकात बसवणारी निमिऑप्सिस (जेलीसारखा जीव) ही दोन नावं प्रत्येक लेखात असतात. पण दोन्ही पाण्यातून आलेली. शिंपल्याच्या अळ्या पाण्यात तरंगतात आणि निमिऑप्सिस तर आयुष्यभर तरंगतेच. चांगला फिल्टर आणि चालू यूव्ही असेल तर यांचा बंदोबस्त बऱ्यापैकी होतो.

गाळातून येणारे वेगळे. डायनोफ्लॅजेलेट जातीची शैवालं परिस्थिती प्रतिकूल झाली की जाड कवचाची सिस्ट बनवून तळाला बसतात. अंधार, थंडी, ऑक्सिजनचा अभाव, सगळं सोसून ती वर्षानुवर्षं टिकतात. उलट ऑक्सिजन नसेल तोवर उगवतच नाहीत. गाळ ढवळला गेला, उजेड आणि ऑक्सिजन मिळाला की उगवतात. म्हणजे टाकीच्या तळाचा काळा, कुबट थर हे त्यांचं मरण नसून कोठार आहे. ऑस्ट्रेलियात बंदरांत येणाऱ्या जहाजांचा गाळ तपासला गेला, तेव्हा एका जहाजाच्या एकाच टाकीत अलेक्झांड्रियमची ३० कोटींहून अधिक जिवंत सिस्ट असल्याचा अंदाज निघाला होता. हीच शैवालं शिंपले-कालवांत साठणारं, माणसाला पक्षाघात करणारं विष तयार करतात. कॉपेपॉड आणि इतर बारीक कवचधारींची सुप्त अंडीही याच थरात असतात.

आता मापाची गंमत. अलेक्झांड्रियमचं सिस्ट कॅप्सूलच्या आकाराचं: लांबी ४०-५० मायक्रॉन, जाडी २५-३०. डी-२ मध्ये जीवाची सर्वांत कमी मिती धरतात, त्यामुळे ते १०-५०च्या गटात मोजलं जातं. आणि उभं आलं तर ४० मायक्रॉनच्या जाळीतून सरळ आत. जाड कवचामुळे यूव्ही किंवा क्लोरीनचा परिणाम पोहत्या पेशीपेक्षा त्याच्यावर बराच कमी होतो.

पंपरूम

घेतानाचं मी लिहितो, कारण निम्मं युद्ध तिथेच आहे.

बंदरात गरजेपुरतंच घ्या. प्रोपेलर बुडावा, लोडरखाली मावण्याइतका एअर ड्राफ्ट (पाण्यावरची उंची) राहावा, जहाजाच्या सांगाड्यावरच्या वाकण्या-कातरण्याच्या ताणाच्या मर्यादा पाळल्या जाव्यात, एवढं झालं की बाकीचं बाहेर स्वच्छ पाण्यात. चीफ ऑफिसरला हे कबूल करायला जड जातं, कारण माल उतरता उतरता एकाच दमात बॅलास्ट संपवण्याची सवय असते.

वरची सी-चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेण्याचं कोनाड्यासारखं तोंड) वापरा. खालच्या सी-चेस्टचं तोंड तळाच्या चिखलापासून हाकेच्या अंतरावर असतं. किलखाली दीड-दोन मीटर पाणी असताना तिथून ओढणं म्हणजे चिखलच ओढणं. मात्र जहाज हलकं होत वर उठतं तसं वरच्या तोंडात हवा शिरायची शक्यता असते, म्हणून पंपाच्या सक्शन गेजवर नजर हवी. टग फिरताहेत, शेजारी ड्रेजर चालू आहे, बाजूच्या बर्थवरून जहाज सुटतंय, अशा वेळी पंप थांबवावा. ओहोटीच्या शेवटापेक्षा भरतीच्या माथ्यावर पाणी बरंच निवळ असतं. रात्रीही शक्यतो टाळा: तळाशी राहणारे बरेच जीव अंधार पडल्यावर वर येतात. सांडपाण्याचं तोंड जवळ असेल किंवा पाणी लाल-तपकिरी दिसत असेल तर प्रश्नच नाही, घेऊ नका.

फिल्टरबद्दल तळटाकी म्हणतात ते खरं. ही जाळी जिवांसाठी आहे, मातीसाठी नाही. गढूळ पाण्यात दोन तऱ्हा होतात. पहिली सगळ्यांना माहीत: दाबातला फरक वाढतो, बॅकफ्लश सुरू होतो, तो संपायच्या आत पुन्हा वाढतो, आणि शेवटी फ्लो निम्म्यावर येतो. यात नेहमी पाण्याला दोष देण्याआधी बॅकफ्लशची ओव्हरबोर्ड लाइन पाहा. तिथला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल किंवा त्या लाइनवर उलटा दाब असेल तर फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबात पुरेसा फरकच राहत नाही आणि जाळी धुतली जात नाही. फिल्टरनंतरचा व्हॉल्व्ह थोडा दाबून आतला दाब वाढवला की कितीदा तरी काम होतं. जुन्या पंपांचा दाबच मुळात दोन-अडीच बार, त्यातून टॉपसाइड (डेकखालची, उंचावरची) टाकी भरायची, तेव्हा हे जास्त जाणवतं.

दुसरी तऱ्हा कोणाच्या लक्षात येत नाही: पाणी चहासारखं आहे आणि दाबातला फरक मात्र शांत, जेमतेम हलतो. आनंद मानू नका. जाळी फाटलीय किंवा सील बसलेलं नाही.

दर्यासारंग

पंपरूम यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. जाळी फाटली की अलार्म येत नाही, उलट अलार्म थांबतो. हे मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापायला हवं.

थर्डमेट_नवा

एक शंका. यूव्हीचं समजलं, उजेड गाळाच्या आत जात नाही. पण इलेक्ट्रोक्लोरिनेशन (समुद्राच्या पाण्यातून विजेने क्लोरीन तयार करणं) असेल तर क्लोरीनचं पाणी टाकीत राहतं, तळापर्यंत पोचतं. मग गाळातले जीवही मरत असतील ना? की सर, मी चुकतोय?

क्लोरीनकांड

प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर निराशाजनक आहे.

समुद्राच्या पाण्यात क्लोरीन तयार झालं की ते ब्रोमाइडशी लगेच क्रिया करतं आणि काम प्रत्यक्षात ब्रोमीनची संयुगं करतात. म्हणून एकूण उरलेलं ऑक्सिडंट, म्हणजे टीआरओ, मोजतात. हे ऑक्सिडंट जीव आणि कुजका कचरा यांत भेद करत नाही. गाळात सेंद्रिय कचरा असतो, अमोनिया असतो आणि खालच्या बिनऑक्सिजनच्या थरात हायड्रोजन सल्फाइड. १ मिलिग्रॅम सल्फाइडचं पूर्ण सल्फेट व्हायला ८ मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन लागतं. त्यामुळे गाळाच्या पृष्ठभागालाच टीआरओ संपतो. वरचा पातळ पापुद्रा मरतो, खाली जैसे थे.

दुसरी बाजू अशी की गाळ असलेल्या टाकीत टीआरओ लवकर उतरतो आणि लांबच्या प्रवासात पाण्यातले जिवाणूही पुन्हा वाढू लागतात. एकाच वेळी, एकाच डोसने भरलेल्या दोन टाक्यांपैकी एकीत टीआरओ पहिल्याच दिवशी शून्यावर आला आणि दुसरीत टिकला, तर पहिलीत गाळ किंवा गंज जास्त आहे असं समजायला हरकत नाही. फुकटचं मोजमाप.

डोस वाढवून गाळ मारू, हा विचार मनातही आणू नका. बाहेर सोडताना टीआरओची मर्यादा सहसा लिटरला ०.१ मिलिग्रॅम असते. म्हणजे जेवढं जास्त घालाल तेवढं न्यूट्रलायझर. सोडियम मेटाबायसल्फाइट वापरत असाल तर १ मिलिग्रॅम क्लोरीनला हिशेबाने १.३४ मिलिग्रॅम लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच. वर कोटिंग आणि गंजाचा प्रश्न आहेच.

थर्डमेट_नवा

समजलं, आभार. मग टाकीत किती गाळ आहे हे टाकी न उघडता कळतं का?

वल्हेकरी

बऱ्यापैकी कळतं.

सर्वांत सोपा पुरावा ड्राफ्ट सर्व्हेच्या (जहाज किती बुडालंय त्यावरून वजन काढण्याच्या) कागदांत असतो. जहाजाचा कॉन्स्टंट, म्हणजे हिशेबात न बसणारं उरलेलं वजन, दर सर्व्हेला काढतातच. सर्व्हेयर बदलला की थोडा हलतो, पण दोन वर्षांत तो १००-१५० टनांनी चढत गेला असेल आणि स्टोअर, रंग, भंगार यांनी हिशेब लागत नसेल, तर उरलेलं वजन बहुतेक टाक्यांच्या तळाला आहे. ते वजन दर खेपेला तितका माल कमी उचलायला लावतं. गाळ काढायला कंपनीची मंजुरी मिळत नसेल तर जैवविविधतेचा मुद्दा मांडू नका, हा मांडा.

दुसरं, साउंडिंग (टेप सोडून टाकीतली पाण्याची खोली मोजणं). स्ट्रिपिंग (तळाचं शेवटचं पाणी उपसणं) संपल्यावर टेपचं वजन तळाला ठक्क असं लागायला हवं. मऊ लागलं, टेप वर आल्यावर वजनाला राखाडी लेप दिसला, तर त्या ३-४ सेंटिमीटरना पाणी समजू नये. उलट साउंडिंग पाइपच्या तोंडाशी गाळ घट्ट झाला तर टाकीत पाणी असूनही साउंडिंग कमी येतं.

तिसरं, पंप. ट्रिम (जहाजाचा पुढे-मागे कल) तोच, टाकी तीच, तरी एका टाकीचं सक्शन पूर्वीपेक्षा आधीच सुटू लागलं तर लिंबर होल (पाणी वाहायला ठेवलेली तळाची भोकं) बुजलेत आणि पाणी बेलमाउथपर्यंत (पंपाच्या ओढण्याच्या तोंडापर्यंत) पोचत नाहीये.

अंदाजासाठी: तळाचं क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर आणि सरासरी थर ३ सेंटिमीटर म्हणजे १२ घनमीटर, वजनाने साधारण १५ टन. एका टाकीत. थर सगळीकडे सारखा नसतो, हे लक्षात ठेवा. बेलमाउथजवळ तळ चकचकीत असतो आणि त्याच टाकीच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोअरच्या (टाकीतल्या आडव्या पत्र्यांच्या) कोपऱ्यांत आणि लाँजिट्यूडिनलच्या (लांबीच्या दिशेच्या पट्ट्यांच्या) वरच्या पट्टीवर पायाचा घोटा बुडेल इतका साचलेला असतो. मॅनहोल सहसा त्यातल्या एकाच टोकाला असतं, आणि तिथून डोकावून "क्लीन" असं लिहिणारे रिपोर्ट कमी नाहीत.

मालवाहू

आमच्यासारख्यांचा व्यावहारिक प्रश्न: टाकीत माणूस न उतरवता गाळ किती निघतो?

वल्हेकरी

ताजा, न घट्टलेला असेल तर बराच. पद्धत अशी.

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडे आणि २०० मीटरहून खोल पाण्यात करायचं. गाळ समुद्रात सोडण्यासाठी आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) मार्गदर्शक सूचना हेच अंतर आणि हीच खोली धरतात. टाकी पूर्ण उपसून घ्या, ट्रिम मागे दीड-दोन मीटर ठेवा. मग ट्रीटमेंटमधूनच स्वच्छ समुद्राचं पाणी टाकीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत भरा. जहाज डोलत असताना तासभर तरी खळबळू द्या आणि डोलणं चालू असतानाच, गाळ खाली बसायच्या आत, मोठ्या पंपाने जोरात ओढून काढा. शेवटचं एडक्टरने (पाण्याच्या झोताने ओढणारा पंप). हे दोनदा, जमल्यास तीनदा. पहिल्या खेपेला सर्वांत जास्त निघतो. पाणी निवळ येऊ लागलं पण साउंडिंगला थर तसाच लागत असेल तर तो घट्ट झालाय आणि पाण्याने निघणार नाही.

काय बिघडतं ते ऐका. अर्धवट भरलेली रुंद टाकी म्हणजे मोकळा पृष्ठभाग, जीएम (जहाजाच्या स्थिरतेचं माप) कमी होतो. म्हणून एका वेळी एकच जोडी आणि आधी लोडिंग कॉम्प्युटरवर प्रत्येक टप्पा तपासलेला. होल्डमध्ये बॅलास्ट घेणाऱ्या बल्क कॅरिअरच्या होल्डला हा प्रकार मुळीच करू नये, आदळणाऱ्या पाण्याने स्ट्रक्चर जाईल. फोरपीकचंही (जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची टाकी) तसंच जपून: पुढचा ड्राफ्ट कमी झाला आणि समोरून लाटा असल्या की तळ आपटतो. आणि ओढताना स्ट्रेनर चार तासांत भरतो ते तासाभरात भरेल. एक माणूस त्यासाठीच ठेवा.

स्ट्रिपिंगचं पाणी हेही बॅलास्टच. बंदरात ते ट्रीटमेंट चुकवून थेट बाहेर काढता येत नाही. एडक्टरला चालवणारं पाणी कुठून घ्यायचं आणि मिश्रण कुठून जायचं हे तुमच्या सिस्टिमच्या मंजूर आराखड्यात लिहिलेलं असतं, तेच पाळायचं.

किनारपट्टी

जरा उलटा सूर लावतो. तुम्ही सगळे टाकीच्या तळात अडकलात. बाहेरून चिकटून येणाऱ्यांचं काय? डार्विन बंदरात १९९९ साली सापडलेला काळ्या पट्ट्यांचा शिंपला बॅलास्टमधून नव्हे, नौकांच्या बुडाला चिकटून आल्याचं मानतात. तिथल्या मरीना बंद करून क्लोरीन आणि कॉपर सल्फेट ओतावं लागलं तेव्हा तो गेला. तीन-चार सेंटिमीटर गाळासाठी एवढा आटापिटा करून हल (जहाजाचं बाहेरचं अंग) शेवाळलेलं ठेवलं तर उपयोग काय?

सूक्ष्मजीवी

किनारपट्टी, मुद्दा मान्य, पण निष्कर्ष मान्य नाही. चिकटून येणारे आणि गाळातून येणारे हे वेगवेगळे जीव आहेत. शिंपले, बार्नेकल, नळीतले किडे बुडाला येतात. विषारी शैवालाची सिस्ट बुडाला चिकटून येत नाहीत. एक दार उघडं आहे म्हणून दुसरं लावायचं नाही, असं कसं? बाहेरच्या चिकटण्यासाठी आयएमओची मार्गदर्शक तत्त्वं वेगळी आहेत (२०११ची, २०२३ला सुधारलेली), पण ती बंधनकारक नाहीत हे तुमचं दुखणं खरं आहे.

दोन्ही प्रश्न भेटतात ती जागा सी-चेस्ट. तिथे शिंपले वाढले की त्यांच्या अळ्या फिल्टरच्या अलीकडे तयारच असतात आणि तुटलेली कवचं जाळी फाडतात. डायव्हर हल घासायला आलाच असेल तर जाळीमागे काय आहे तेही पाहायला सांगा.

तळटाकी

वल्हेकरींनी पाण्याने काढण्याचं लिहिलं. माणूस उतरवायचा असेल तर एक गोष्ट ठळक लिहितो, कारण गाळाच्या टाकीत नेहमीची तपासणी अपुरी पडते.

रिकाम्या टाकीची हवा तपासली, ऑक्सिजन २०.९ टक्के, स्फोटक वायू शून्य, सल्फाइड शून्य. माणसं उतरली, फावडं मारलं, आणि त्या फावड्याने खालच्या काळ्या थरातलं हायड्रोजन सल्फाइड मोकळं झालं. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजणारा माणूस तिथेच पडतो. म्हणून:

प्रत्येकाच्या छातीवर स्वतःचा चार वायूंचा मीटर, सतत चालू. हवा वर, मध्ये, खाली अशी तीन पातळ्यांवर तपासलेली, आणि खालची पातळी म्हणजे गाळापासून वीतभर उंचीवर, मॅनहोलच्या कड्यापाशी नाही. पंखा कामभर चालू आणि त्याचा पाइप टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेला. मॅनहोलच्या तोंडाशी पाइप ठेवला तर तीच हवा फिरून बाहेर येते. काम सुरू करण्याआधी थोडा गाळ काठीने ढवळून मीटर पाहा. अलार्म झाला की सगळे बाहेर, कारण विचारत बसायचं नाही. कोणी पडला तर श्वसनयंत्र न लावता मागे उतरायचं नाही. इलेक्ट्रोक्लोरिनेशन असलेल्या जहाजावर हायड्रोजनचाही विचार हवा. हवेत ४ टक्क्यांना तो पेट घेतो.

उपसण्याचा क्रम: आधी लिंबर होल मोकळी करा, मग बेलमाउथपासून सर्वांत दूरच्या टोकाकडून सुरुवात. फायर लाइनच्या पाण्याने गाळ पातळ करून बेलमाउथकडे ढकलत आणायचा. पण तो मुख्य बॅलास्ट पंपाने ओढू नका, इंपेलर आणि वेअर रिंग खराब होतात. हवेवर चालणारा डायाफ्राम पंप उतरवा, होज दोन-तीन इंची. उरलेलं फावडं-बादलीने. आणि निघण्यापूर्वी झिंक अॅनोडवरचा (पत्रा गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा ठोकळा) लेप पुसा. गाळाखाली गाडलेला अॅनोड काही काम करत नाही आणि तिथेच सल्फेटवर जगणारे जिवाणू पत्र्याला खड्डे पाडतात.

गोदीवाला

ड्राय डॉकमध्ये जास्त गोंधळ असतो. जहाज चढलं, टाक्यांच्या तळाचे प्लग (बुचं) काढले, टाकीतलं गढूळ पाणी डॉकच्या फरशीवर. फरशीवरून गटारात, गटारातून बंदरात. म्हणजे हजारो मैलांवरून आणलेली सिस्ट नेमकी बंदराच्या आत, उथळ आणि उबदार पाण्यात. याहून सोयीस्कर जागा त्यांना कोण देणार?

करारातलं कलम ५ सांगतं की जिथे बॅलास्ट टाक्यांची सफाई किंवा दुरुस्ती होते त्या बंदरांत आणि टर्मिनलांत गाळ स्वीकारण्याची पुरेशी सोय हवी. सोय म्हणजे काय ते डॉकिंग स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या: किती घनमीटर गाळ अपेक्षित, कोणत्या टाक्यांतला, उचलणार कशात, नेणार कुठे, गळणारं पाणी कुठे जमा होणार. घनमीटर न लिहिता नुसतं "टाकी सफाई" लिहिलं की नंतर भांडण होतं, कारण गाळ अंदाजापेक्षा नेहमी जास्त निघतो. प्लग काढण्याआधी जमेल तितकं जहाज तरंगत असतानाच बाहेर समुद्रात स्ट्रिप करून या. प्लगखाली पातेलं किंवा पंप लावून पाणी टँकरमध्ये घ्या. गाळ बंद डब्यांत, भरतीच्या रेषेच्या वर, बांध घातलेल्या जागेत. त्यात अॅनोडचं जस्त आणि जुन्या रंगाचे कपचे असतात, म्हणून जमिनीवर पसरण्याआधी धातूंची तपासणी लागते.

थर्डमेट_नवा

शेवटचा प्रश्न. बंदरातलं पाणी इतकं गढूळ आहे की सिस्टिम चालतच नाही, आणि माल उतरतोय, बॅलास्ट घेतल्याशिवाय चालणार नाही. बायपास केला तर?

पंपरूम

अशा पाण्यासाठी आयएमओचं अंतरिम मार्गदर्शन आहे, एमईपीसी (आयएमओची पर्यावरण समिती) ३८७(८१), २०२४चं. त्याचा गाभा असा: बायपास हा शेवटचा उपाय. आधी फ्लो कमी करा, बॅकफ्लश वाढवा, एक पंप बंद करा, भरतीची वाट पाहा, माल उतरवण्याचा वेग कमी करायला सांगा. हे सगळं केल्याची नोंद हवी. "पाणी गढूळ होतं" एवढ्यावर कोणी समाधानी होत नाही. फिल्टरचा दाब, यूव्हीची तीव्रता, फ्लो यांचा सिस्टिममधला लॉग काढून ठेवा. फ्लॅगला (जहाज नोंदलेल्या देशाला) आणि पुढच्या बंदराला कळवा.

बायपास झालाच तर त्या टाक्या आणि तो पाइपचा भाग दूषित समजायचा. खोल समुद्रात टाकी पूर्ण रिकामी करून सिस्टिममधून पुन्हा भरायची, किंवा फ्लो-थ्रू (टाकी न उपसता पाणी वरून वाहू देणं) असेल तर टाकीच्या तिप्पट पाणी सिस्टिममधून घालून ओव्हरफ्लो करायचं. शक्य तितक्या कमी टाक्यांत बायपासचं पाणी घ्या, आणि ते चांगल्या टाक्यांच्या कॉमन लाइनमधून फिरवू नका. गळका क्रॉसओव्हर व्हॉल्व्ह असेल तर सगळं जहाज दूषित.

या धाग्याचा मुद्दा इथे पुन्हा येतो. बायपासमध्ये फिल्टरही नाही, म्हणजे एरवी न येणारी जाड वाळू आणि मोठे जीवही आत आले. पाणी बदलल्याने ते जात नाहीत. फ्लो-थ्रूने तर नाहीच, कारण पाणी वरून वाहून जातं आणि तळ ढवळलाही जात नाही. बायपासच्या टाक्यांना मी नेहमी रिकामी करून भरण्याची पद्धत सुचवतो, आणि त्याआधी वल्हेकरींनी लिहिलेली एक तरी धुणी.

वल्हेकरी

सहमत. फक्त रिकामी करण्याआधी वाकण्या-कातरण्याचा हिशेब आणि हवामान बघा. फ्लो-थ्रू लोक आळसाने निवडत नाहीत, पुष्कळदा दुसरा पर्यायच नसतो. आणि फ्लो-थ्रूत एअर पाइपची झाकणं अडकलेली असतील तर टाकीवर दाब येऊन डेक फुगतो, तेही आधी तपासा.

मालवाहू

गाळ काढल्याची नोंद वहीत कुठे करायची? आमच्याकडे कोणी शेऱ्यात लिहितं, कोणी लिहीतच नाही.

तळटाकी

१ फेब्रुवारी २०२५ पासून रेकॉर्ड बुकचा नवा नमुना आहे, त्यात कामाप्रमाणे इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत. टाकीची सफाई, फ्लशिंग, गाळ काढणं आणि विल्हेवाट यांसाठी 'जी' कोड. वेळ, ठिकाण किंवा अक्षांश-रेखांश, कोणती टाकी, किती घनमीटर, समुद्रात की स्वीकार केंद्रात, आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही. केंद्रात दिला असेल तर पावती वहीला जोडा. वही शेवटच्या नोंदीनंतर दोन वर्षं जहाजावर आणि त्यापुढे तीन वर्षं कंपनीकडे ठेवायची असते.

तपासणीला येणारा अधिकारी 'जी'ची पानं आणि ड्राफ्ट सर्व्हेचा कॉन्स्टंट शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो. कॉन्स्टंट चढलेला आणि 'जी' कोरा असेल तर पुढचा प्रश्न काय येणार ते सांगायला नको. मालवाहू, तुमच्याकडे मागच्या दोन डॉकिंगचे रिपोर्ट असतील तर त्यातले टाकीनिहाय घनमीटर इथे टाका. कोणत्या टाकीत सर्वांत लवकर भरतं ते एकदा जुळवून पाहता येईल.